‘किंवा’ची मोजदाद

शिष्यवृत्ती आणि तत्सम स्पर्धा परीक्षांसाठी बाजारात जी मार्गदर्शके मिळतात त्यांत एका धाटणीचे उदाहरण हमखास भेटते. १ ते १०० या संख्यांपैकी ३ किंवा ५ ने निःशेष भाग जाणाऱ्या संख्या किती? त्याखाली चौकटीत युक्ती दिलेली असते. १०० ला ३ ने भागा, ३३ आले. ५ ने भागा, २० आले. मग ३ आणि ५ यांचा गुणाकार १५, त्याने भागा, ६ आले. ३३ आणि २० यांच्या बेरजेतून ६ वजा करा. उत्तर ४७. उत्तर बरोबर आहे. पुढची उदाहरणे २ आणि ३ ची, ५ आणि ७ ची, ३ आणि ७ ची असतात आणि त्यांचीही उत्तरे बरोबर येतात. विद्यार्थी खूश, पालक खूश, आणि युक्ती पक्की.

आता त्याच विद्यार्थ्याला ४ किंवा ६ ने भाग जाणाऱ्या संख्या विचाराव्यात. चौकटीतल्या युक्तीप्रमाणे तो २५ आणि १६ मिळवून ४१ करील, ४ गुणिले ६ म्हणजे २४ ने भागून ४ काढील आणि ३७ हे उत्तर लिहील. खरे उत्तर ३३ आहे. १२ ही संख्या ४ नेही विभाज्य आहे आणि ६ नेही. ती दोनदा मोजली गेली आहे, पण २४ च्या पटींत ती येत नाही, म्हणून दुसऱ्यांदा मोजलेली तशीच राहून गेली. ३६, ६० आणि ८४ यांचीही तीच गत. वजा करायचे ते दोन्ही यादींत सामाईक असलेल्या संख्यांना, आणि त्या लघुतम सामाईक विभाज्याच्या, म्हणजे लसाविच्या, पटी असतात. ४ आणि ६ यांचा लसावि १२, शंभरात त्याच्या पटी ८, आणि ४१ वजा ८ म्हणजे ३३. भाजक परस्परांशी सहमूळ असतील तेव्हा लसावि आणि गुणाकार एकच असतात. मार्गदर्शकांतली उदाहरणे जवळजवळ सगळी सहमूळ जोड्यांची असल्याने चुकीची युक्ती वर्षभर बिनबोभाट खपते.

सोलापुरात हे समजावून द्यायला फळ्याचीही गरज पडू नये. मागावर ताणा लावताना धाग्यांना ओळीने क्रमांक दिले, दर चौथा धागा लाल आणि दर सहावा निळा घ्यायचे ठरवले, तर बाराव्या धाग्यापाशी दोन्ही हुकूम एकाच धाग्यावर येऊन पडतात. तिथे धागा एकच आहे. चौकटीच्या कागदावर मुलांना हे रंगवू द्यावे. बारा धाग्यांनी नमुना पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो हेही मग दिसते. प्रत्येक बारात रंगीत धागे चार, म्हणजे चौथा, सहावा, आठवा आणि बारावा. शंभरात असे आठ पूर्ण नमुने, त्यांचे ३२ धागे, आणि उरलेल्या चार धाग्यांतला शेवटचा, शंभरावा, रंगीत. एकूण ३३. सूत्र न वापरता तेच उत्तर दुसऱ्या वाटेने मिळाले. अशी दुसरी वाट उपलब्ध असणे हीच या विषयाची खरी श्रीमंती आहे, आणि आमची मुख्य तक्रार अशी की आपली पुस्तके तिच्याकडे पाठ फिरवून उभी आहेत.

पाठ्यपुस्तकांचे पाहू. विभाज्यतेच्या कसोट्या आणि लसावि-मसावि प्राथमिक इयत्तांतच शिकवून होतात. संच येतात ते माध्यमिक शाळेत. २०१७ साली आलेल्या नववीच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलेच प्रकरण संचांचे होते. त्यात संयोग संच, छेद संच, वेन आकृती आणि घटकांच्या संख्येचे सूत्र नीटनेटके मांडलेले आहे. त्या मांडणीला आम्ही नावे ठेवत नाही. सूत्र वजाबाकीशिवायही लिहिता येते. दोन संचांच्या घटकसंख्यांची बेरीज ही संयोगाच्या आणि छेदाच्या घटकसंख्यांच्या बेरजेइतकी असते. हे रूप मुलांनी लक्षात ठेवावे असेच आहे, कारण त्यात कुठली संख्या कुणातून वजा करायची हा घोळ नाही.

बिघडते ते उदाहरणांशी. एका वर्गात इतक्या मुलांना चहा आवडतो, इतक्यांना कॉफी, इतक्यांना दोन्ही. तर एकही न आवडणारे किती? किंवा क्रिकेट आणि खो-खो. पिढ्यान्‌पिढ्या हीच मुले हाच चहा पीत आली आहेत. इथे चार संख्यांपैकी तीन छापील मिळतात आणि चौथी बेरीज-वजाबाकीने काढायची असते. दोन्ही आवडणारे इतकेच का, याला काही कारण नाही. पुस्तककर्त्याच्या मनात आले म्हणून. उत्तर चुकले तर ते तपासायला तो वर्ग कुठेही अस्तित्वात नाही. उलट १ ते १०० या संख्या कुठेही पळून जात नाहीत. त्यांतील ४ च्या पटींचा संच आणि ६ च्या पटींचा संच आपण बनवलेले नाहीत, ते आहेतच. त्यांचा छेद किती मोठा हे कुणी सांगावे लागत नाही, शोधावे लागते, आणि शोधताना लसाविची आठवण होते. प्राथमिक शाळेत ‘दोन घंटा एकदम केव्हा वाजतील’ एवढ्यापुरता शिकलेला लसावि इथे पहिल्यांदा खऱ्या कामाला येतो. दोन धड्यांमध्ये तीन-चार वर्षांचे अंतर आहे आणि ते जोडणारा पूल कुणीच बांधलेला नाही. त्या रिकाम्या जागेत मार्गदर्शकांच्या चौकटी उगवतात.

भाषेचाही एक प्रश्न आहे, आणि तो शिक्षकांनी हलका समजू नये. व्यवहारातल्या मराठीत ‘चहा घेणार की कॉफी?’ या प्रश्नाला ‘दोन्ही’ असे उत्तर दिले तर ते हावरटपणाचे समजले जाते. ‘किंवा’ या शब्दामागे आपण बहुधा ‘दोहोंपैकी एकच’ असा अर्थ धरतो. गणितातले ‘किंवा’ मात्र दोन्हींना सामावून घेते. ‘४ किंवा ६ ने विभाज्य’ यात १२ येते. ज्या मुलाने १२ वगळून २५ उत्तर काढले (४१ मधून ८ दोनदा वजा करून), त्याने गणित चुकवलेले नाही; त्याने घरची मराठी वापरली. त्याला शून्य गुण देण्याआधी दोन मिनिटे या शब्दावर बोलणे आवश्यक आहे. ‘४ किंवा ६, पण दोन्हींनी नव्हे’ असा वेगळा प्रश्न घालून तेच २५ त्याच्याकडून काढून घ्यावे. तो विसरणार नाही.

‘किंवा’इतकाच त्रास सीमा देतात. ‘१५० ते २०० पर्यंत’, ‘१५० ते २०० मधील’, ‘१५० आणि २०० यांच्या दरम्यान’ हे तिन्ही प्रयोग प्रश्नपत्रिकांत एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. टोकाच्या संख्या धरायच्या की नाहीत हे विद्यार्थ्याने ओळखायचे. आमचे मत विचाराल तर ‘दरम्यान’ हा शब्द प्रश्नपत्रिकेतून हद्दपार करावा आणि ‘दोन्ही धरून’ किंवा ‘दोन्ही वगळून’ असे स्वच्छ लिहावे.

पण सीमांचा खरा सापळा त्याहून खोल आहे. १५० ते २०० या संख्यांत, दोन्ही धरून, ६ च्या पटी किती? घाईत विद्यार्थी ५० ला ६ ने भागून ८ म्हणतो. जरा सावध असलेला एकूण संख्या ५१ आहेत हे ओळखतो, ५१ ला ६ ने भागतो आणि तोही ८ वरच येतो. मोजून पाहावे. १५०, १५६, १६२, १६८, १७४, १८०, १८६, १९२, १९८. नऊ. आता चौकट एकाने पुढे सरकवून १५१ ते २०१ घेतली, तर संख्या ५१ च आहेत पण पटी आठच उरतात. म्हणजे केवळ लांबीवरून उत्तर ठरतच नाही. चौकट कुठे ठेवली आहे तेही लागते. म्हणून नेहमी एकापासून मोजावे आणि नको असलेला भाग काढून टाकावा. २०० पर्यंत ६ च्या पटी ३३, १४९ पर्यंत २४, फरक ९. इथे १५० ने नव्हे तर १४९ ने भागायचे, कारण १५० आपल्याला हवी आहे. ही एक ओळ समजली की श्रेणी कुठलीही असो, काम एकच राहते. मार्गदर्शकांतल्या श्रेणी बहुतेक वेळा १ पासूनच सुरू होतात, त्यामुळे हा प्रसंगच मुलांवर येत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असे कुणी विचारले तर आम्ही त्याला पंचांगाकडे नेऊ. सोलापूरकरांना हे सांगायला नको; नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले दाते पंचांग शंभराहून अधिक वर्षे याच शहरातून निघते, आणि कालगणना हा इथे घरगुती विषय आहे. आपल्या तिथींचे आणि अधिक महिन्यांचे गणित साध्या विभाज्यतेत बसत नाही, ते सूर्य-चंद्राच्या प्रत्यक्ष गतीवर चालते. पण भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरातील लीप वर्षे पूर्णपणे विभाज्यतेची आहेत. ४ ने भाग जाणारी वर्षे घ्या, त्यांतून १०० ने भाग जाणारी काढा, आणि त्यांतली ४०० ने भाग जाणारी परत घ्या. चारशे वर्षांत १०० वजा ४ अधिक १, म्हणजे ९७ लीप वर्षे होतात आणि वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवस येते. १५८२ साली पोप तेराव्या ग्रेगरीने हा नियम लागू केला.

इथे एक गंमतीची फसगत आहे. ४ गुणिले १०० बरोबर ४००. त्यामुळे चौकटीची युक्ती पाठ असलेल्या विद्यार्थ्याला वाटते की ४ च्या आणि १०० च्या पटींत सामाईक म्हणजे ४०० च्या पटी, आणि म्हणूनच नियमात ४०० आले. तसे नाही. ४ आणि १०० यांचा लसावि १०० च आहे. १०० ची प्रत्येक पट ४ ची पट असतेच. हे दोन संच एकमेकांना अंशतः छेदत नाहीत, एक दुसऱ्याच्या पोटात आहे, आणि ४०० च्या पटींचा तिसरा त्याच्याही पोटात. वेन आकृती काढली तर एकात एक तीन वर्तुळे येतील. ४०० हा आकडा लसावितून आलेला नाही. ऋतूंशी जुळणारे वर्ष सुमारे ३६५.२४२२ दिवसांचे आहे आणि त्याच्या पुरेसे जवळ जाण्यासाठी चारशे वर्षांत तीन लीप वर्षे गाळावी लागतात, तिथून तो आला. गणिताचे कारण कोणते आणि आकाशाचे कारण कोणते हे वेगळे करून दाखवण्याची अशी संधी क्वचित मिळते.

१०० चा नियम विसरला तर किती बिघडते ते आपल्या गावाच्या तारखेवर पाहू. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या सोलापूरच्या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिले गेले. तो वार कोणता? १२ जानेवारी हीच स्वामी विवेकानंदांची जन्मतारीख, साल १८६३, आणि तो सोमवार होता हे नोंदलेले आहे. १८६३ पासून १९३१ पर्यंत ६८ वर्षे. साध्या वर्षाला वार एकाने पुढे सरकतो, लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी मध्ये आला की आणखी एकाने. मधली ४ ने भाग जाणारी वर्षे १८६४ ते १९२८, एकूण १७. त्यांत १९०० आहे. ते १०० ने विभाज्य, ४०० ने नाही, म्हणून गाळायचे. राहिली १६. अडुसष्ट अधिक सोळा ८४, आणि ८४ ला ७ ने निःशेष भाग जातो. म्हणजे वार तोच, सोमवार. १९०० गाळायला विसरलेला विद्यार्थी ८५ धरील आणि मंगळवार म्हणेल. जुनी वर्तमानपत्रे पाहणाऱ्या इतिहासाच्या शिक्षकाला एका वाराचा फरक म्हणजे काय हे विचारून पाहावे. याच रीतीने २०३१ मधील शताब्दीचा वार काढता येतो. शंभर वर्षे, त्यांत १९३२ ते २०२८ अशी २५ लीप वर्षे (२००० ला ४०० ने भाग जातो, ते राहते), बेरीज १२५, सातने भागून बाकी ६, सोमवारनंतर सहावा वार रविवार.

ही चूक फक्त शाळकरी मुले करतात असे समजू नये. एक्सेल ही जगभरच्या कचेऱ्यांत वापरली जाणारी संगणकप्रणाली २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख आजही निमूटपणे स्वीकारते. लोटस १-२-३ या आधीच्या प्रणालीत १९०० लीप धरले गेले होते आणि तिच्याशी जुळवून घेण्यासाठी तो दोष तसाच ठेवला गेला. परिणामी त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांचे वार ती चुकीचे सांगते.

विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला होता, हे वाचून सोलापूरचा विद्यार्थी थबकेल. गड्ड्याची यात्रा संक्रांतीची, आणि संक्रांत तर १४ किंवा १५ जानेवारीला! (२०२४ मध्ये ती १५ ला होती, २०२५ मध्ये १४ ला.) मग १८६३ मध्ये १२ ला कशी? थोडक्यात सांगायचे तर, १९०० हे लीप वर्ष गाळले गेल्याने संक्रांत एक दिवस पुढे सरकली, आणि नाक्षत्र वर्ष ३६५ दिवस ६ तासांहून सुमारे ९ मिनिटांनी मोठे असल्याने दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आणखी एक दिवस. १४ आणि १५ हा आलटून-पालटून होणारा खेळ चार वर्षांच्या लीप चक्राचा आहे.

तीन संचांकडे वळू. इथे सूत्र लांबते आणि पाठांतराचे राज्य सुरू होते. एकेकट्यांची बेरीज, वजा जोड्या, अधिक तिघांचा छेद. शेवटी अधिक का, हे विचारल्यावर बहुतेक विद्यार्थी गप्प होतात. ६० ही एकच संख्या घेऊन पाहावी. ती २, ३ आणि ५ या तिन्हींनी विभाज्य. पहिल्या फेरीत ती तीनदा मोजली गेली. २ व ३, ३ व ५, २ व ५ या तीन जोड्यांच्या यादींतून ती तीनदा वजा झाली, म्हणजे पुसलीच गेली. म्हणून तिला एकदा परत घ्यायचे. संपूर्ण सूत्राची सिद्धता या एका संख्येत आहे.

चार संचांपर्यंत जाण्याचे धाडस करणाऱ्या शिक्षकाला एक चांगले बक्षीस मिळते. शंभरपर्यंतच्या मूळ संख्या एरॅटोस्थेनिसच्या चाळणीने सगळेच काढतात. त्या न लिहिता नुसत्या मोजता येतात, ही फ्रेंच गणिती लजांद्र याची रीत. शंभरपर्यंतच्या कोणत्याही संयुक्त संख्येला २, ३, ५, ७ यांपैकी एकाने तरी भाग जातोच. यांच्या पटी ५०, ३३, २० आणि १४, बेरीज ११७. शंभरातून ११७ वजा! वर्गात इथे हशा पिकतो, पिकू द्यावा. मग जोड्या परत घ्यायच्या. ६ च्या १६, १० च्या १०, १४ च्या ७, १५ च्या ६, २१ च्या ४, ३५ च्या २, बेरीज ४५. तिघांच्या छेदांपैकी ३० च्या ३, ४२ च्या २, ७० ची १, १०५ ची एकही नाही. या ६ वजा. चौघांचा लसावि २१० शंभराबाहेर आहे. १०० वजा ११७ अधिक ४५ वजा ६, उरल्या २२. यांत १ आहे, ती मूळ संख्या नव्हे, ती काढायची; आणि २, ३, ५, ७ स्वतः गाळल्या गेल्या आहेत, त्या घालायच्या. २५. चाळणी समोर ठेवून ताडून घ्यावे.

वर्गासाठी एक उदाहरण आम्ही सुचवतो, जे कोणत्याही मार्गदर्शकात आम्हाला आढळले नाही. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने (तिच्या सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते) सुचवलेली राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ रोजी, १ चैत्र शके १८७९ ला सुरू झाली. तिच्या नियमाप्रमाणे शक वर्षात ७८ मिळवायचे आणि येणारे वर्ष इंग्रजी कॅलेंडरात लीप असेल तर ते शक वर्षही लीप. त्या वर्षी चैत्र ३१ दिवसांचा. तर शके १८७९ ते १९४७, दोन्ही धरून, लीप वर्षे किती? शक वर्षाला सरळ ४ ने भागणारा विद्यार्थी १८८० पासून मोजू लागेल. ७८ ला ४ ने भागले तर बाकी २ उरते, त्यामुळे इथे लीप वर्षाला ४ ने भाग जात नाही, बाकी २ उरते. पहिले १८८२, शेवटचे १९४६. सीमा सरकवून १९५७ ते २०२५ केल्या तर २०२५ पर्यंत ५०६ वजा २० अधिक ५, म्हणजे ४९१, १९५६ पर्यंत ४८९ वजा १९ अधिक ४, म्हणजे ४७४, फरक १७. आणि १८८२ पासून चार-चारच्या उड्या मारत १९४६ पर्यंत बोटांवर मोजले तरी १७ च येतात.